पण ती हसत होती ना!

माझ्या मुलीचं कौतुक मी करते, आणि चांगलं मोठ्याने करते. ज्याला ऐकवत नसेल त्याने आपला सोफा दुसरीकडे न्यावा, बाजारात दुकानं काय कमी आहेत? पण त्या दिवशी शाळेतून बोलावणं आलं तेव्हा मी कुठल्या तोऱ्यात गेले आणि कुठलं तोंड घेऊन परत आले, हे सांगितल्याशिवाय ते कौतुक पुरं होत नाही. म्हणून मुळापासून सांगते.

आमचा धंदा जुने सोफे नवे करण्याचा. बसलेले, फाटलेले, कुत्र्याने कुरतडलेले, सगळे आमच्याकडे येतात. सासरे लाकडी सांगाडा ठोकून सरळ करतात, नवरा पट्टे ताणतो आणि फोम कापतो, दीर टेम्पोतून माल आणतो-पोचवतो, सासूबाई काउंटरवर बसतात आणि मी मशीनवर कव्हरं शिवते. घर दुकानाच्याच माथ्यावर. दिवसभर सगळे एकमेकांच्या पायात पाय घालून असतो, आणि तोंडं हातांपेक्षा जास्त चालतात.

आमच्या घरात कुणाला सरळ नावाने हाक मारत नाहीत. सासरे म्हणजे ‘कर्नल’. आयुष्यात फौजेच्या वाऱ्यालाही उभे राहिलेले नाहीत, पण एक खिळा वाकडा गेला तरी हुकूम सोडतात. सासूबाई म्हणजे ‘चौकशी खिडकी’. गिऱ्हाइकाने सोफ्याचं माप सांगायच्या आत त्याच्या मुलीचं लग्न कुठे अडलंय ते त्यांना कळलेलं असतं. दीर ‘भोंगा’, कारण तो कानात कुजबुजला तरी समोरचा दुकानदार मान वर करतो. माझा नवरा ‘नंतर’. का, ते त्याला एखादं काम सांगून बघा. मुलगी ‘वकील’, तिला बोलता यायला लागलं त्या दिवसापासून. आणि मी ‘मुकी’.

हसलात? सगळेच हसतात. ज्याला टोपणनाव नाही तो या घरात पाहुणा, असं कर्नल म्हणायचे, आणि आम्हाला या गोष्टीचा केवढा अभिमान! गिऱ्हाइकं म्हणायची, तुमच्या दुकानात सोफ्यासाठी कमी आणि करमणुकीसाठी जास्त यावंसं वाटतं. खोटं कशाला सांगू, मलाही ते ऐकून बरं वाटायचं.

माझी वकील सहावीत आहे. अभ्यासात पुढे आहेच, पण खरी मजा तिच्या जिभेची. तिने एक वाक्य टाकलं की अख्खा वर्ग हसतो, कधीकधी बाईसुद्धा फळ्याकडे तोंड करून हसतात म्हणे. आमच्या घराण्याची कला पुढे चालली म्हणून भोंगा तिला डोक्यावर घेऊन नाचायचा. त्यामुळे वर्गशिक्षिकेचा फोन आला, ‘जरा येऊन जा, मुलीबद्दल बोलायचंय,’ तेव्हा मला वाटलं, वक्तृत्वाच्या स्पर्धेला पाठवणार असतील. केसांतली फोमची भुकटी झटकली, ठेवणीतला ड्रेस घातला आणि निघाले. वाटेत चार ओळखीच्या लोकांना उगाच सांगितलं की शाळेत बोलावलंय.

शिक्षकांच्या खोलीत गेले तर माझी नजर पहिली खुर्च्यांवर गेली. धंद्याची खोड. रेक्झिन फाटून आतला फोम पिवळा पडलेला. मनातल्या मनात मी कापड मोजत होते तोवर दिसलं की तिथे आणखी एक बाई बसली आहे. टपाल वाटणाऱ्यांचा गणवेश, मांडीवर पिशवी, आणि उन्हाने रापलेला चेहरा. तिच्या शेजारी कुणी नव्हतं. माझी मुलगी मात्र टेबलाजवळ उभी होती, हनुवटी वर करून, वकिलासारखी.

वर्गशिक्षिका बाई काही बोलायच्या आत त्या टपालवालीने पिशवीतून एक कंपासपेटी काढली आणि टेबलावर उघडी केली. पेटीत पेन्सिली नव्हत्या. काठोकाठ मीठ भरलेलं होतं.

“माझ्या मुलीची आहे,” ती म्हणाली. “दप्तराच्या तळाशीही होतं. एकदा केसांत होतं. मी आधी विचार केला, प्रयोगाला लागत असेल.”

मग बाईंनी सगळं सांगितलं. वर्गात यंदा एक नवी मुलगी आली आहे. हुशार आहे, पण सावकाश. फळ्यावरचं उतरवून घ्यायला सगळ्यांत शेवटी, डबा संपवायला शेवटी, जिना चढायला शेवटी. माझ्या मुलीने तिला पहिल्याच आठवड्यात ‘गोगलगाय’ म्हटलं. वर्ग हसला आणि नाव चिकटलं. मग ती वर्गात आली की मुलं ‘गोगलगाय, पोटात पाय’ असं बाकं वाजवून म्हणायला लागली. मग मागच्या बाकावरच्या कुणीतरी सांगितलं की गोगलगायीवर मीठ टाकलं की ती विरघळते. दुसऱ्या दिवसापासून तिच्या बाकावर मीठ. आता ती मुलगी शाळेत यायलाच तयार नाही.

“मी मीठ टाकलं नाही,” माझी मुलगी म्हणाली. “कुणी टाकलं त्यांची नावं मी सांगू शकते. मी फक्त टोपणनाव दिलं. आमच्या घरी सगळ्यांना असतात. आणि तिला आवडायचं. मी गोगलगाय म्हटलं की ती हसत होती ना!”

“घरी आल्यावर नाही हसायची,” टपालवाली म्हणाली. आवाज चढवला नाही की डोळ्यांना पदर लावला नाही. त्यापेक्षा ती भांडली असती तर मला सोपं गेलं असतं.

माझ्या जिभेच्या टोकावर काय होतं सांगू? ‘अहो, मुलं आहेत, चालायचंच.’ आपल्या लेकराला कुणी बोट दाखवलं की आईच्या अंगात वारं शिरतं. मी तोंड उघडलंही होतं. पण ‘हसत होती ना’ हे शब्द माझ्या कानात शिरले आणि मी ते परत मिटलं. कारण ते हसणं कसं असतं ते त्या खोलीत माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

बाई भल्या होत्या, पण त्यांना हे लवकर मिटवायचं होतं. मुलींनी हात मिळवावेत, सॉरी म्हणावं, मुलं विसरतात, असं त्या म्हणाल्या. टपालवाली उठली.

“तिची यायची तयारी झाली की बघू,” ती म्हणाली. “तोवर सॉरी तुमच्याकडेच ठेवा.” कंपासपेटी तिथेच सोडून ती निघून गेली.

घरी येताना मी माझ्या मुलीचा हात धरला नव्हता. ती माझ्या एक पाऊल पुढे चालत तोच मुद्दा परत परत मांडत होती. मीठ मी टाकलं नाही, मीठ मी टाकलं नाही.

“मीठ तू टाकलं नाहीस,” मी शेवटी म्हणाले. “पण तिची गोगलगाय तू केलीस. माणसावर मीठ टाकतं का कुणी?”

ती थांबली. तिने माझ्याकडे अशा रागाने पाहिलं की मला माझाच चेहरा आठवला.

दुकानात पोचलो तर सगळे वाटच बघत होते. चौकशी खिडकीने दारातच गाठलं. मी सांगितलं. एकेकाचा चेहरा आधी पडला आणि मग सावरला.

“एवढ्याशा नावावरून?” कर्नल म्हणाले. “आमच्या वेळी मला मास्तरांनी दगड म्हटलं होतं. मेलो का मी? हल्लीची पोरं काचेची. हात लावला की तडा.”

“आणि नाव तर काय फक्कड दिलंय!” भोंगा म्हणाला. “मिठाचं वाईट झालं, ते मान्य. पण नावात काय वाईट आहे?”

“ती हसायची, आजोबा,” मुलगी म्हणाली. तिला आता न्यायालय सापडलं होतं.

“बघ! हसायची म्हणजे तिला चाललं होतं. मग अचानक काय झालं?” कर्नलनी मला विचारलं.

मी मशीनवर बसले होते. एका मोठ्या गादीची कड शिवत होते, आणि सुई माझ्या डोळ्यांसमोर खालीवर होत होती. पायाने पेडल सोडलं. मशीन थांबलं की आमच्या दुकानात एकदम शांतता होते, कारण सगळे त्या आवाजावर आवाज काढूनच बोलत असतात.

“मला यापुढे मुकी म्हणायचं नाही,” मी म्हणाले.

“अरे, मुकी बोलली!” भोंगा म्हणाला. सवयीने. इतक्या वर्षांच्या सवयीने तोंडातून निघून गेलं बिचाऱ्याच्या. आणि सगळे हसले. तेही सवयीने. मग त्यांच्या ध्यानात आलं की दरवेळी त्यांच्याबरोबर हसणारं एक माणूस आज हसत नाहीये. हसणं एकेकाच्या तोंडावर विझलं.

“पण तू तर हसायचीस!” सासूबाई म्हणाल्या.

माझी मुलगी फोमच्या ढिगावर बसली होती. तिचा हात फोम कुरतडायचा थांबला. तिने आजीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

त्यांना मी जे सांगितलं ते तुम्हालाही सांगते. माहेरी माझ्या जिभेला हाड नाही असं आई म्हणायची. मी बोलायला लागले की शेजारी खिडक्या उघडायचे. लग्न होऊन या घरात आले तर इथे चार माणसं एका वेळी बोलत होती, मला मध्ये शिरायला फट मिळेना. चार दिवस ऐकत राहिले. पाचव्या दिवशी भोंगा म्हणाला, ‘वहिनी मुकी आहे की काय?’ आणि हशा पिकला. मीही हसले. नवी सून होते, काय करणार होते? रडले असते तर रडकी म्हणाले असते.

नाव दिलं त्या दिवशी ते खोटंच होतं. पण त्यानंतर मी काहीही बोलले की, ‘अरे, मुकी बोलली!’ मी काय बोलले ते कुणी ऐकायचंच नाही, मी बोलले याचंच हसू. मग मी कमी बोलायला लागले. मग आणखी कमी. शेवटी मी खरोखर त्या नावासारखी झाले, आणि सगळे म्हणाले, बघा, नाव किती बरोबर दिलं होतं!

“तो मखमलीचा सोफा आठवतो?” मी कर्नलना विचारलं.

तो कोण विसरेल? मखमलीला लव असते. सगळे तुकडे एकाच दिशेने कापले नाहीत तर एक बाजू गडद दिसते आणि एक फिकट, जणू दोन वेगळ्या कापडांचा सोफा. गिऱ्हाइकाने तो अख्खा सोफा परत आणून दुकानासमोर आपटला होता, आणि कर्नल आठवडाभर कुणाशी बोलले नव्हते.

“कापताना मी म्हटलं होतं, लव उलटी जातेय. तुम्ही सगळे हसलात. मुकी बोलली म्हणून.”

कर्नलनी हातोडी खाली ठेवली. “मग परत का नाही सांगितलंस?”

“परत हसायला?”

माझा नवरा कोपऱ्यात पट्टा ताणून उभा होता. पट्टा सोडून म्हणाला, “मला तरी सांगायचंस.”

“तू म्हणाला असतास, नंतर बोलू.”

यावर भोंग्याच्या तोंडून एक फुसकन आवाज निघाला आणि त्याने लगेच हाताने तोंड दाबलं. मला हसू आलं, खरं हसू. तुम्ही म्हणाल, मग काय तक्रार? हीच तर तक्रार. माझा या माणसांवर जीव आहे, यांची थट्टा मला आवडते, आणि म्हणूनच इतकी वर्षं माझ्या दोन हसण्यांत कुणी फरक करू शकलं नाही. नवऱ्यानेसुद्धा नाही.

“आम्हाला कसं कळणार होतं?” सासूबाईंचा आवाज बारीक झाला होता.

“विचारून,” माझी मुलगी फोमच्या ढिगावरून म्हणाली. आणि मग ती उठून वर निघून गेली.

संध्याकाळी ती माझ्यामागे स्वयंपाकघरात घुटमळत राहिली. मी कणीक मळत होते.

“आई, ती हसायची तेव्हा तुझ्यासारखीच हसायची का?”

“मला काय ठाऊक? तिला विचार.”

“बाई म्हणाल्यात, ती आली की वर्गात सगळ्यांनी मिळून सॉरी म्हणायचंय.”

“सगळ्यांनी मिळून म्हटलं की कुणीच म्हटलेलं नसतं,” मी म्हणाले. मला नक्की माहीत नव्हतं की हे बरोबर आहे, पण ते तोंडातून निघालं आणि मी ते परत घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही त्यांच्या घरी गेलो. तिसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा. टपालवाली नुकतीच फेरी संपवून आली होती, पाय गरम पाण्याच्या बादलीत होते. आम्हाला बघून तिने पाय बाहेर काढले नाहीत. “आत आहे,” एवढंच म्हणाली. माझ्या मुलीने मला खुणेने सांगितलं, तू इथेच थांब. मी दारातच उभी राहिले. आतल्या खोलीचं दार उघडं होतं, म्हणून सगळं दिसत होतं.

ती मुलगी जमिनीवर बसून धुतलेले मोजे जोडीने लावत होती. एक मोजा उचलायची, उलटा सुलटा करायची, त्याची जोडी शोधायची, दोन्ही सारखे धरायची, मग घडी. माझी मुलगी तिच्यासमोर बसली. त्या मुलीने मान वर केली नाही.

“मी सॉरी म्हणायला आले,” माझी मुलगी म्हणाली.

मोजा, जोडी, घडी. मला माहीत आहे माझी मुलगी कशी आहे. समोरच्याने श्वास घेतला तर तेवढ्या फटीत दोन वाक्यं घालते. मला वाटलं, आता सुरू होईल. ती गप्प बसली. आणखी एक जोडी झाली. ती गप्पच. तेवढ्या वेळात मी उभ्या उभ्या चारदा पाय बदलले असतील, पण माझी वकील हलली नाही.

“तू नाव दिलंस तेव्हा मी हसले,” ती मुलगी शेवटी म्हणाली.

“हो.”

“मला हसू आलं नव्हतं. सगळे हसत होते म्हणून.”

“मला कळलं. माझी आई पण तसंच हसायची.”

आता त्या मुलीने मान वर केली आणि दारातून थेट माझ्याकडे पाहिलं. मला कुठे पाहावं कळेना. तिने परत मोज्यांकडे पाहिलं.

“इथे सॉरी म्हणू नकोस,” ती म्हणाली. “इथे कोण ऐकतंय? वर्गात म्हण. तू एकटी. आणि ते नाव तू दिलंस म्हणून सांग. मी आले की नको. मी यायच्या आधी.”

बाहेर बादलीतले पाय हलले. “हळू आहे माझी लेक,” टपालवाली मला म्हणाली, “पण पत्ता चुकत नाही.” आणि पहिल्यांदा जराशी हसली.

जिना उतरताना माझी मुलगी विचार करत होती. मला कळत होतं काय ते. वर्गात तिची जी काही ऐट होती ती त्या जिभेवरच होती. ज्यांना हसवलं, त्यांच्यासमोर उभं राहून सांगायचं की मी हसवलं ते वाईट होतं, म्हणजे त्या हसणाऱ्यांनाही वाईट म्हणायचं. तिच्या मैत्रिणी होत्या त्यात. मागच्या बाकावरची मुलं होती.

“मग ते चिडवायला मलाच धरतील,” ती म्हणाली.

“धरतील.”

“मग मी काय करू?”

मला खरंच माहीत नव्हतं. काहीतरी शहाणपणाचं सांगावं असं फार वाटलं, पण आईला सगळं माहीत असतं हे नाटक मी त्या जिन्यावर सोडून दिलं. “ते मला जमलं नव्हतं बाळा,” मी म्हणाले. “मी हसत बसले. तुला काही वेगळं जमतंय का बघ.”

दुसऱ्या दिवशी ती मला शाळेपर्यंतही येऊ देईना. मी मशीनवर बसले, पण टाके वाकडे यायला लागले. कर्नल एरवी ओरडले असते. त्यांनी स्वतः उठून ते उसवले आणि कापड परत माझ्यासमोर ठेवलं. म्हणाले, “सूनबाई, या कापडाला लव आहे का? जरा बघ.” साध्या सुती कापडाला कुठली आलीय लव? पण मी नीट बघितलं आणि नाही म्हणून सांगितलं. त्यांनी मान डोलावली. म्हाताऱ्याला माफी मागता येत नाही, एवढंच येतं.

दुपारी मुलगी दारात आली तेव्हा तिच्या केसांत, कॉलरमध्ये, बुटांतसुद्धा मीठ होतं. डोळे सुजलेले. भोंगा उठलाच, “कुणाचा आहे तो? चल, टेम्पो काढतो!” मीही पायात चपला सरकवल्या. माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला होता. माझ्या पोरीच्या केसांत मीठ!

“कुणी कुठे जायचं नाही,” ती म्हणाली. “आधी ऐका.”

आम्ही बसलो. काय करणार, तिच्या आवाजात कर्नल होते.

पहिल्या तासाला तिने बाईंना विचारून वर्गासमोर उभं राहून सांगितलं होतं. गोगलगाय हे नाव मी दिलं. ते मी काढून घेते. मी दिलं नसतं तर मीठ आलं नसतं. मग मागून कुणीतरी म्हणालं, ‘गोगलगायीची शेपटी!’ आणि सगळे हसले. तिच्या मैत्रिणीही. मधल्या सुट्टीत ती डबा घेऊन आली तर बाकावर मीठ होतं. बसली तेव्हा मागून डोक्यावर ओतलं. सगळे भोवती उभे राहून बघत होते की ती आता काय विनोद करते. कारण ती नेहमी करते ना!

“मला सुचला पण होता,” ती म्हणाली. “एकदम चांगला होता. तो म्हटला असता ना, तर सगळे माझ्याबरोबर हसले असते आणि तिथेच संपलं असतं.”

“मग?” सासूबाईंनी विचारलं. त्यांचा पदर तोंडात होता.

“मग मी नाही म्हटला. मी म्हटलं, मला हे आवडत नाही. ते म्हणाले, गंमत केली, हस की जरा. मी परत म्हटलं, मला हे आवडत नाही. मग मला रडू आलं.” तिने बाहीने नाक पुसलं. “खूप रडू आलं, आई. सगळ्यांसमोर. पण मी हसले नाही.”

भोंगा, ज्याचा श्वाससुद्धा ऐकू येतो, तो आवाज न करता रडत होता.

तिने पुढे सांगितलं की मग मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, ‘बास रे आता,’ आणि दोघीतिघी उठून बाहेर गेल्या, आणि बाकीचे उभेच राहिले, त्यांना काय करावं कळेना. एवढंच. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत की कुणी मिठी मारली नाही. उद्या परत मीठ असेल कदाचित. ती नवी मुलगी सोमवारी येणार म्हणून टपालवालीचा निरोप आला आहे, पण ती आल्यावर काय होईल ते मला ठाऊक नाही. मी शाळेत जाणार आहे, बाईंशी बोलणार आहे, आणि मिठावर लक्ष ठेवायचं काम मोठ्यांचं आहे हे त्यांना चांगलं ऐकवणार आहे. ते मी करीनच.

पण त्या दिवशी मी तिला मांडीवर घेतलं, एवढी मोठी घोडी, आणि तिच्या केसांतलं मीठ बोटांनी काढत बसले. इतका अभिमान मला तिच्या पहिल्या नंबराचा कधी वाटला नव्हता, कुठल्याही बक्षिसाचा नाही. जे मी सून म्हणून, बाई म्हणून, एवढी थोरली होऊन एकदाही करू शकले नाही, ते माझ्या सहावीतल्या पोरीने भर वर्गात, डोक्यावर मीठ घेऊन केलं.

तेव्हापासून दुकानात जो येईल त्याला मी सांगते. सोफ्याचं माप घेते आणि सांगते: माझी मुलगी सगळ्या वर्गासमोर रडली, पण हसली नाही. लोक माझ्याकडे बघत राहतात. यात कौतुक कसलं, हे त्यांना कळत नाही. मग मी मशीन थांबवते आणि पहिल्यापासून परत सांगते.